वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र : ‘किरकोळ, एक गठ्ठा’ म्हणून तुम्ही काय विकलंत

मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार आणि जय भीम.

हे पत्र पाकिटात घालून आणून दिलं असतं तर आवक रजिस्टरला नोंद झाली असती आणि ते फाईलला लागलं असतं, याआधी दोनदा तसंच झालंय. म्हणून यावेळी उघडं लिहितोय. वाचनालयाचं आणि गावाचं नाव मुद्दाम घालत नाही, एक तर तुम्ही सगळे रोजच्या उठण्याबसण्यातले आहात, आणि दुसरं म्हणजे हे वाचणाऱ्याला आपापल्या गावचं वाचनालय आठवणारच आहे.

मागच्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी स्टँडमागच्या रद्दीवाल्याचा फोन आला. म्हणाला, दादा, तुमच्या वडिलांचा शिक्का असलेला माल आलाय, बघून जा. मला वाटलं घरचीच जुनी बिलंबिलं असतील. गेलो तर काट्याशेजारी सुतळीने बांधलेला गठ्ठा, वर आपल्या वाचनालयाची चिठ्ठी, ‘मराठी, किरकोळ, एक गठ्ठा’. आत बारीक बारीक अंक, कुणाचं मुखपृष्ठ गेलेलं, कुणाच्या पिना गंजून कागदाला भोकं पडलेली, आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यात जांभळ्या शाईतला आमच्या दादांचा, म्हणजे वडिलांचा, रबरी शिक्का, जो त्यांनी प्रेसमधल्याच एका मित्राकडून करून घेतला होता. दादांनी हे अंक २००८ साली तुम्हाला भेट दिले होते. एका पत्र्याच्या ट्रंकेत घालून, ट्रंकेसकट. त्याची पावती माझ्याकडे आहे. ट्रंक कुठे आहे तेही एकदा सांगा, ती बरी होती.

रद्दीवाल्याने पुढे जे सांगितलं ते जास्त लागलं. तो म्हणाला, असे चार गठ्ठे होते, तीन आदल्या दिवशी गाडीत गेले, हा सुतळी सुटली म्हणून मागे राहिला. म्हणजे जे वाचलं ते सुतळीमुळे वाचलं. मी काट्यावर घातलं, साडेचार किलो भरलं. रद्दीच्या भावाने पैसे द्यायला लागलो तर तो घेईना, म्हणाला वडिलांचं आहे, असं कसं घेऊ. हा माणूस चौथी शिकलेला आहे.

आता माझी बाजूही सांगतो, नाहीतर मी लई साळसूद आहे असं वाटायचं. आपल्या वाचनालयाचा वार्षिक अहवाल गेली अकरा वर्षं माझ्याच डीटीपीच्या दुकानात होतो. परवा घरी येऊन जुनी फाईल उघडली तर सापडलं, ठराव क्रमांक ७, ‘जीर्ण व वाचकांची मागणी नसलेल्या नियतकालिकांचे निर्लेखन करणे’. निर्लेखन म्हणजे नोंदीतून काढून टाकणं. हे माझ्याच बोटांनी टाइप केलेलं आहे. ‘निर्लेखन’चा रफार नीट बसला का हे बघितलं आणि पुढे गेलो, काय निर्लेखित होतंय हे विचारलं नाही. तेव्हा हे पत्र थोडंफार मलाही लिहिलंय असं समजा.

तर त्या गठ्ठ्यात काय होतं? बरंच काही होतं, पण मला मुख्यत्वे एका माणसाबद्दल बोलायचंय. राजा ढाले. तुम्ही म्हणाल, ढाले आम्हाला माहीत आहेत की, दलित पँथरचे. हो, माहीत आहेत. १६ जुलै २०१९ ला ते विक्रोळीला वारले तेव्हा आपल्याच हॉलमध्ये श्रद्धांजलीची सभा झाली होती, मी मागच्या खुर्चीवर होतो. चार भाषणं झाली आणि चारही भाषणांत तेच, पँथर, साधना, काळा स्वातंत्र्यदिन, पँथर. एकानेही त्यांनी काढलेल्या एकाही अंकाचं नाव घेतलं नाही. आणि ते अंक त्या वेळी हॉलच्या बरोबर वरच्या खोलीत, दादांच्या ट्रंकेत होते. डोक्यावर होते तुमच्या.

ढाले पँथर होण्याआधी संपादक होते. हे उलटं सांगितलं जातं म्हणून सगळी गडबड होते. नांद्रे गावात, सांगली जिल्ह्यात, ३० सप्टेंबर १९४० चा जन्म, म्हणजे आपल्यापासून एसटीने तास-दीड तासाच्या अंतरावरचा माणूस. लहानपणीच मुंबईला गेला आणि साठच्या दशकात तिथे जी पोरं खिशातले पैसे घालून स्वतःचे अंक काढत होती त्यांच्यात मिसळला. त्या पोरांची नावं आज अभ्यासक्रमात आहेत, अशोक शहाणे, भालचंद्र नेमाडे, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, सतीश काळसेकर, तुळसी परब, मनोहर ओक, वसंत गुर्जर, चंद्रकांत खोत. १९५५ ला ‘शब्द’ निघाला होता सायक्लोस्टाइल करून, १९६३ ला शहाण्यांचा ‘असो’ आला, तिकडे औरंगाबादेत नेमाड्यांचं ‘वाचा’, मुंबईत ‘फक्त’. या सगळ्याला मराठीत लघुअनियतकालिक असं लांबलचक नाव पडलं, म्हणजे अंकापेक्षा नाव मोठं. दादा ‘लिटल मॅगझिन’ म्हणायचे, आणि प्रेसमधले बाकीचे लोक म्हणायचे ‘त्या पोरांची चोपडी’.

ढाल्यांनी किती नावांनी अंक काढले बघा. ‘आत्ता’, ‘येरू’, ‘तापसी’, ‘चक्रवर्ती’. नुसती नावं एकापाठोपाठ म्हणून बघा, माणसाचा स्वभाव कळतो. ‘आत्ता’ म्हणजे उद्या नाही, दिवाळी अंकात नाही, आत्ता. आणि ‘येरू’ हे नाव तर मला फारच आवडतं, कारण येरू म्हणजे ऐरागैरा, ज्याला कोण विचारत नाही तो. येरागबाळ्याचं काम नोहे असं आपण येताजाता म्हणतो ना, तर हा माणूस म्हणाला बरं, मी येरूच, आणि हा माझा अंक. तुम्ही चिठ्ठीवर ‘किरकोळ’ लिहिलंत ते वाचून ढाले हसले असते. मला नाही हसू आलं.

१९६९ साली ढाल्यांनी ‘सत्यकथा’ मासिकावर लिहिलं, आणि नुसतं लिहून थांबले नाहीत तर अंकाची जाहीर होळी केली. सत्यकथा म्हणजे तेव्हाचं सुप्रीम कोर्ट. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्या हाताखालून कथा गेली की लेखक झाला, आणि ‘साभार परत’ आली की बसला घरी. ढाल्यांचं आणि त्या पोरांचं म्हणणं, तुम्ही कोण ठरवणार साहित्य म्हणजे काय ते, आमची बोली, आमची वस्ती, आमची शिवी तुमच्या चाळणीतून खाली पडते, तर मग चाळणीच तपासू या. मला विचाराल तर अंक जाळायला नको होता. मी छपाईवाल्याचा मुलगा आहे, छापलेला कागद जळताना बघवत नाही, आणि सत्यकथेत चांगलंही पुष्कळ आलं. दादांचंही तेच मत होतं. पण जाळणाऱ्याचं म्हणणं काय होतं ते वाचायला तर मिळालं पाहिजे की नाही?

आणि इथे तुमची खरी गंमत आहे. जुन्या ‘सत्यकथे’चे खंड आपल्या वाचनालयात कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरात, काचेच्या कपाटात आहेत, कुलूपबंद. फार चांगलं केलंत, ते तसेच राहू देत. पण म्हणजे ज्याची होळी झाली ते मासिक कपाटात सुखरूप आणि होळी करणारा रद्दीत. पन्नास-पंचावन्न वर्षांनी का होईना, उट्टं निघालं म्हणायचं.

तुम्ही हे मुद्दाम केलंत असं मी अजिबात म्हणत नाही. मुद्दाम करायला आधी ते वाचावं लागतं.

दुसरं उदाहरण देतो म्हणजे माझी तक्रार नक्की कुठे आहे ते कळेल. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपीठा’ आला, विजय तेंडुलकरांची प्रस्तावना असलेला. त्याच वर्षी ढाले, ढसाळ, ज. वि. पवार यांनी दलित पँथर ही संघटना काढली, आणि त्याच वर्षी स्वातंत्र्याच्या पंचविशीला, १५ ऑगस्टच्या ‘साधना’ साप्ताहिकाच्या अंकात ढाल्यांचा लेख आला. ‘गोलपीठा’ आपल्याकडे आहे, दोन प्रती, दाखल क्रमांकासकट, पाठीवर लेबल चिकटवून. ढाले नाहीत. कारण काय तर गोलपीठा हे पुस्तक आहे, त्याला पाठ आहे, उभं राहतं. ढाल्यांचं त्या काळातलं बरंचसं लिहिणं अंकांत पडलंय, चोपड्यांत, सभांत, आणि त्या चोपडीला पाठच नसते हो, दोन पिना मारलेल्या चाळीस पानांच्या चोपडीवर लेबल लावणार कुठे? कपाटात उभी केली की दोन जाड पुस्तकांमध्ये दिसेनाशी होते. वर एकाच माणसाने चार नावांनी अंक काढलेले, त्यामुळे अकारविल्हे लावले की चार ठिकाणी जाणार. त्यात अंक अनियत. रजिस्टरमध्ये मासिकाला बारा रकाने असतात, हा बाबा वर्षात एक काढणार नाहीतर पाच, मग रकाने रिकामे, मग शेरा ‘अपूर्ण संच’, आणि अपूर्ण संच म्हणजे निर्लेखनाला पहिला नंबर. म्हणजे तुमचं रजिस्टरच असं आखलेलं आहे की त्यात सत्यकथा बसते आणि येरू बसत नाही. माझी तक्रार या आखणीबद्दल आहे. कारकुनाला कृपा करून मेमो देऊ नका, तो बिचारा सांगितलेलं करतो आणि मागच्या चार महिन्यांचा पगार त्याचा अजून बाकी आहे.

त्या साधनेतल्या लेखाबद्दलही एकदा बोलून घेतो कारण दर १५ ऑगस्टला आपल्या सभासदांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यातलं एक वाक्य फिरतं, कधी अर्धं, कधी भलत्याच माणसाच्या नावाने, आणि मग दोन दिवस भांडण. वाक्य मी इथे लिहीत नाही. तो विशेषांक जुळवला होता अनिल अवचटांनी, साधनेचे संपादक होते यदुनाथ थत्ते, आणि लेखाचं नाव ‘काळा स्वातंत्र्यदिन’. त्या वर्षी काय चाललं होतं? परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला बौद्ध बायकांची विटंबना झाली होती, पुणे जिल्ह्यात बावड्याला अख्ख्या वस्तीवर बहिष्कार होता, देशभरातल्या अत्याचारांचा एलयापेरुमल समितीचा अहवाल येऊन पडला होता. ढाल्यांनी साधा हिशोब मांडला, राष्ट्राच्या मानचिन्हाच्या अपमानाला दंड किती आणि आमच्या बाईच्या अब्रूला दंड किती, एकीकडे तीनशे रुपये आणि एकीकडे पन्नास. आणि त्यावर संतापून जे लिहिलं ते फार कडक लिहिलं. लोक त्या कडक वाक्यावर भांडतात, पन्नास रुपयांवर कोणी भांडत नाही.

आमच्या घरातही भांडण झालं होतं त्यावरून. दादा तेव्हा वरळीच्या बीडीडी चाळीत एका खोलीत अकरा जणांत राहायचे आणि गिरगावात एका प्रेसमध्ये जुळारी होते, म्हणजे कंपोझिटर, खिळे जुळवणारे. त्यांचे चुलते जुने रिपब्लिकन पक्षवाले, त्यांना ती भाषा अजिबात पटली नव्हती, झेंड्याबद्दल असं बोलायचं नसतं म्हणाले. दादा म्हणाले, भाषा नका बघू, हिशोब बरोबर आहे का ते सांगा. चुलते म्हणाले हिशोब बरोबर आहे. मग दोघं जेवले. हे मी शंभर वेळा ऐकलंय.

जानेवारी १९७४ मध्ये वरळीला पँथरची सभा झाली आणि दंगल पेटली, तेव्हा दादा तिथेच होते. गच्चीवरून दगड यायचे म्हणून घरातल्या बायका डोक्यावर परात धरून नळावर जायच्या, ही त्यांची आठवण. त्याच दिवसांत मोर्चात पँथरचे भागवत जाधव मारले गेले. आणि मग वर्ष संपायच्या आत ढाले आणि ढसाळ वेगळे झाले, एकाला दुसऱ्याचं कम्युनिस्टांकडे झुकणं पटेना, दुसऱ्याला पहिल्याचं बुद्धावरच बोट ठेवून बसणं पटेना, आणि १९७७ ला ढाल्यांनी पँथर बरखास्तच केली. इथे एक सांगतो, दादा ढसाळांच्या बाजूचे होते. शेवटपर्यंत. ढाल्यांवर ते चिडायचे, म्हणायचे या माणसाने शब्दाचा कीस काढता काढता चळवळ मोडली. आणि तरी ढाल्यांचे अंक त्यांनी पस्तीस वर्षं ट्रंकेत सांभाळले, डांबरगोळ्या घालून, तीन खोल्या बदलल्या आणि शेवटी गावी आले तरी. मी एकदा विचारलं, पटत नाही तर ठेवता कशाला? म्हणाले, पटत नाही म्हणूनच, पटलेलं डोक्यात राहतं.

त्या अंकांत आणखी एक गोष्ट होती जी आता तीन गठ्ठ्यांपुरती कायमची गेली. दादा वाचताना कानावर शिसपेन्सिल ठेवायचे आणि जिथे मुद्रणदोष दिसेल तिथे समासात प्रुफाची खूण करायचे, स्वतःच्याच अंगवळणी पडलेली सवय, छापून झालेल्या अंकाला कोण दुरुस्त करणार. माझ्यासमोर आत्ता एक पान आहे. तिसऱ्या ओळीत एक काना तुटलाय, म्हणजे खिळ्याचा वरचा भाग झिजलेला असणार, तिथे दादांची बारीक उभी रेघ. खाली एका ठिकाणी वेलांटी उलटी बसलीय, तिथे खूण. आणि पानाच्या तळाला, जिथे ढाल्यांनी कुणालातरी लांबलचक वाक्यात धुतलंय, तिथे एकही दुरुस्ती नाही, फक्त पेन्सिलने लिहिलंय, ‘कंपोझ छान’. लेखावर मत नाही, जुळणीला शाबासकी. मला ते बघून काय झालं ते लिहीत नाही.

असो. (हा ‘असो’ शहाण्यांचा नाही, माझा.)

आता तुमच्या बाजूने जे सांगितलं जाईल ते मला पाठ आहे, कारण कार्यवाहांना मी फोन केला होता आणि त्यांनी ते सांगितलंही.

एक म्हणजे जागा नाही. वरच्या खोलीत स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका करायची होती. करा की! माझी मुलगी त्याच अभ्यासिकेत बसते, सकाळी सात ते दुपारी दोन, एमपीएससीसाठी, आणि तिथे पंखे चांगले आहेत असं ती म्हणते. मी अभ्यासिकेच्या विरोधात बोलतोय असं कृपा करून पसरवू नका. पण साडेचार किलोचे चार गठ्ठे म्हणजे अठरा किलो, एक सूटकेस. सूटकेसमुळे अभ्यासिका अडली असं कोणी म्हणू नये. आणि त्याच खोलीतल्या कोपऱ्यात सत्कारातून उरलेल्या स्मृतिचिन्हांची दोन खोकी अजून आहेत, मी बघून आलो.

दुसरं, वाचकांची मागणी नाही. आता मागणी येणार कुठून? तुमच्या सूचीत ते अंक चढवलेच नव्हते. २००८ पासून. कॉम्प्युटरवर ‘ढाले’ टाकलं तर शून्य येतं, मी स्वतः टाकून बघितलंय. जे आहे हे कुणाला सांगितलंच नाही त्याची मागणी नाही म्हणून ते विकायचं, म्हणजे मुलाचं नावच शाळेत घालायचं नाही आणि तो गैरहजर म्हणून काढून टाकायचं.

तिसरं कार्यवाह म्हणाले की असं जुनं सगळं मुंबईत मोठ्या ग्रंथालयात असतंच. कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशनाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसारख्या ठिकाणच्या ठरलेल्या ग्रंथालयांत जायला पाहिजे, १९५४ चा कायदा आहे, बरोबर. पण जी माणसं व्यवस्थेच्या नावाने बोटं मोडत रात्री अंक छापून सकाळी हातोहात वाटत होती ती पोस्टात जाऊन सरकारला प्रत रजिस्टर करत बसली असतील असं तुम्हाला मनापासून वाटतं का? असे अंक राहिले ते दादांसारख्यांच्या ट्रंकांत. दुसरीकडे असेल असं म्हणून प्रत्येक गावाने आपापली ट्रंक विकली तर दुसरीकडे कुठेच नसतं.

कोलकात्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तिथे संदीप दत्त म्हणून एक गृहस्थ होते. १९७२ साली, म्हणजे इकडे पँथर निघाली त्याच वर्षी, ते राष्ट्रीय ग्रंथालयात गेले आणि तिथे बंगाली लिटल मॅगझिन्सचा ढीग टाकून द्यायला काढलेला बघितला. देशातलं सगळ्यात मोठं ग्रंथालय आणि तिथेही हेच. पोरगं चिडलं. निषेध केला, आणि मग १९७८ साली टेमर लेनमधल्या आपल्या राहत्या घरात लिटल मॅगझिनची लायब्ररी काढली, शाळेत मास्तरकी करत चालवली, २०२३ मध्ये ते गेले तोवर. घराच्या भिंती दिसत नव्हत्या म्हणतात. बंगाल्यांचं आम्हाला काय सांगता असं म्हणू नका, आपल्याकडच्या या पोरांनी बंगाल्यांकडून पुष्कळ घेतलंय, शहाण्यांना तर बंगाली आपल्या मराठीइतकंच जवळचं. फक्त घ्यायचं ते घेतलं आणि सांभाळायचं घ्यायचं राहिलं.

दोष सगळा तुमचा नाही हेही लिहून टाकतो. या अंक काढणाऱ्यांनीही कधी धड तारीख घातली नाही, कधी अंक क्रमांक नाही, कागद मिळेल तो, बांधणी नाही. आपण टिकावं अशी त्यांची इच्छाच नव्हती की काय कोण जाणे. ढाल्यांचं तर चित्रकलेपासून पाली भाषेपर्यंत सगळीकडे चालू, कविता, बौद्ध तत्त्वज्ञान, ‘धम्मलिपी’ हे नियतकालिक, ‘मास मूव्हमेंट’ ही संघटना, निवडणुका, पसारा इतका की एका जागी गोळा करायला दुसरा माणूस लागला असता. पण कुठल्याही संपादकाने स्वतःचं स्मारक स्वतःच बांधून जावं अशी अपेक्षा आपण ढाल्यांकडूनच का करावी? श्री. पु. भागवतांकडे मौज प्रकाशन होतं, साधनेकडे साधना आहे. येरूकडे कोण होतं? येरूकडे वाचणारे होते, तेवढेच.

तर माझ्या मागण्या. फार नाहीत, आणि यात सरकारी अनुदानाला हात लावावा लागेल असं काही नाही.

ठराव क्रमांक ७ खाली जे जे विकलं त्याची पूर्ण यादी सूचनाफलकावर लावा, वजनाची नको, नावाची. यादी केलीच नसेल तर ‘यादी केली नाही’ असा कागद लावा, सहीनिशी. मला दोन्ही चालेल.

यापुढे काहीही निर्लेखित करायच्या आधी यादी महिनाभर फलकावर आणि ग्रुपवर टाका, आणि ज्यांनी भेट दिलं त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना एक फोन करा. पावतीवर फोन नंबर असतो. आम्ही परत घेऊन जाऊ, आम्हाला अडचण नाही, आमच्या घरी अभ्यासिका नाही.

रजिस्टरला एक नवं पान आखा, ‘लघुअनियतकालिके’ असं, बारा रकान्यांशिवाय. नाव, संपादक, साल कळत असेल तर साल, कोणी दिलं. एवढंच. ते पान मी फुकट करून देतो, प्रिंटआउटसह.

उरलेल्या गठ्ठ्याचं स्कॅनिंग मी माझ्या दुकानात करतो, चालूच केलंय, रोज दुकान बंद केल्यावर तासभर. पिना काढाव्या लागतात, गंजलेली पिन सरळ ओढली तर कागद घेऊन येते, म्हणून आधी चिमट्याने दोन्ही पाय उघडायचे, मग मागून ढकलायची. आजवर तीन अंक झाले. प्रसिद्ध करायचं का, कुणाच्या परवानगीने करायचं हे ज्यांचा हक्क आहे त्यांना विचारून ठरवू, पण निदान फाईल राहील. तुमच्याकडून मला एक कपाट पाहिजे, काचेचं नको, पत्र्याचं चालेल, आणि त्यावर कुलूप नको.

आणि ३० सप्टेंबरला, ढाल्यांच्या जन्मदिवशी, हॉल द्या. हार नको, फोटो नको, प्रमुख पाहुणा तर नकोच. जे अंक राहिलेत त्यातली पानं मोठ्याने वाचू, ‘काळा स्वातंत्र्यदिन’ अख्खा वाचू, मधलं एकही वाक्य न गाळता, आणि मग ज्याला भांडायचंय त्याने भांडावं. सत्यकथेची बाजू घेणारा कोणी असेल तर त्याला आधी बोलू देऊ, त्याच्यासाठी कपाटाची किल्ली तेवढी कार्यवाहांनी आणावी.

येत्या रविवारी सकाळी दहाला मी वाचनालयात येतोय, गठ्ठा घेऊन. परत भेट द्यायचा की नाही ते अजून ठरवलेलं नाही, ते तुम्ही काय म्हणता त्यावर. पण पावतीपुस्तक बाहेर काढून ठेवा, आणि यावेळी पावतीवर ‘किरकोळ’ लिहायचं नाही, एकेक नाव लिहायचं. आत्ता. येरू. तापसी. चक्रवर्ती. जेवढे राहिलेत तेवढे.

आणि ट्रंकेचं बघा.

आपला,
एक आजीव सभासद (आणि तुमचा डीटीपीवाला, मागच्या अहवालाचं बिल अजून यायचंय)